बाबांचा धनुर्वात: काटा पायात, दातखिळी तोंडात आणि नागपूरच्या वऱ्हांड्यात गेलेला उन्हाळा

धनुर्वाताबद्दल मराठीत शोधलं की बहुतेक ठिकाणी जखम धुवा, टीटी घ्या, इथं येऊन माहिती संपते. ज्याचा माणूस आधीच आयसीयूत पडलेला आहे त्यानं काय धरून चालायचं, किती दिवस लागतात, किती पैसे लागतात, औषध चालू असूनही झटके का येऊन राहिले, हे कुठं लिहिलेलं मला तेव्हा सापडलं नाही. माझे बाबा २०२४ च्या उन्हाळ्यात यातून गेले आणि परत आले, म्हणून जसं झालं तसं तारखांसकट लिहून ठेवते. लांब झालंय, सावकाश वाचा.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, समुद्रपूर तालुक्यात. कापूस आणि तूर, थोडं सोयाबीन. बाबांचा जन्म १९६५ चा. मी बीएस्सी मायक्रोबायोलॉजी करून हिंगणघाटला एका लॅबमध्ये काम करते, त्यामुळं रोगाचं नाव माहीत होतं, जंतूचं नाव पाठ होतं, पण पेशंटच्या घरचं माणूस होऊन बसणं ही वेगळीच गोष्ट निघाली.

११ मार्च २०२४, सोमवार. कापूस संपला होता आणि पऱ्हाट्या उपटणं चालू होतं. कापलेल्या पऱ्हाटीचं धसकट चपलेतून आरपार बाबांच्या उजव्या तळपायात घुसलं. ओढून काढलं, वावरातल्याच पाण्यानं धुतलं, घरी येऊन हळद भरली आणि फडकं बांधलं. रक्त फार गेलं नाही. चार-पाच दिवसांत वरून जखम भरली सुद्धा. आणि हीच जखम जास्त धोक्याची असते हे आता कळतं, कारण धनुर्वाताच्या जंतूला हवा चालत नाही. त्याचे बीजाणू मातीत आणि ढोरांच्या शेणात वर्षानुवर्षं पडून राहतात, ते असे बारीक पण खोल भोकातून आत गेले, वरून कातडी मिटली, आत ऑक्सिजन नाही, की ते जागे होतात आणि विष बनवायला लागतात. मोठी रक्ताळलेली जखम झाली असती तर आम्ही त्याच दिवशी दवाखान्यात गेलो असतो.

२० मार्चला सकाळी बाबा भाकर खाताना म्हणाले, "तोंडच नाही उघडून राहिलं बाप्पा." त्यांची एक दाढ किडलेली होतीच, म्हणून भाऊ त्यांना दाताच्या डॉक्टरकडं घेऊन गेला. एक्सरे झाला, गोळ्या मिळाल्या, सहाशे रुपये गेले. २१ च्या रात्री मान कडक झाली, पाणी गिळताना ठसका लागायला लागला आणि पोट फळीसारखं घट्ट. मी रात्रीच हिंगणघाटहून निघाले.

२२ ला सकाळी ग्रामीण रुग्णालय. तिथल्या डॉक्टर मॅडमनी बाबांना खुर्चीत बसवलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, पंधरा-वीस दिवसांत हाता-पायाला काही लागलं होतं का? मग घसा बघायची लाकडी पट्टी आत टाकली. साधारण माणसाला ओकारी येते, बाबांचे दात त्या पट्टीवर कचकन आवळले गेले. मॅडमनी लगेच निदान सांगितलं. मी लॅबवाली, म्हणून विचारलं, स्वॅब पाठवायचा का? त्या म्हणाल्या याला तपासणी नसते, बघूनच ओळखायचं. नंतर वाचलं तर खरंच, जखमेतून हा जंतू सापडतो तो साधारण ३० टक्के पेशंटमध्येच, आणि रक्ताची अशी कुठलीच टेस्ट नाही जी नक्की हो की नाही सांगेल. त्यामुळं तुमच्याकडं कुणी रिपोर्टसाठी थांबा म्हणत असेल तर थांबू नका.

इथं एक गोष्ट सांगते जी पुढं प्रत्येक डॉक्टरनं आम्हाला विचारली. जखम कोणत्या तारखेला झाली, तोंड पहिल्यांदा कधी आवळलं, आणि अंगाला पहिला झटका कधी आला. या तिन्ही वेळा एका कागदावर लिहून खिशात ठेवा. आजार साधारण ३ ते २१ दिवसांत दिसतो. सात दिवसांच्या आत दिसला, किंवा पहिल्या लक्षणानंतर ४८ तासांच्या आत झटके सुरू झाले, तर तो जास्त जोराचा समजतात आणि तयारीही तशी करतात.

१०८ ला फोन केला, गाडी यायला तासभर लागला, पैसे काही लागत नाहीत. मॅडमनी दंडात टीडीचा, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्पाच्या लसीचा, पहिला डोस दिला, झटक्यांसाठी इंजेक्शन दिलं, चिठ्ठी दिली आणि ड्रायव्हरला बजावलं की सायरन वाजवायचा नाही, लागलाच तर दुरून. मी माझी ओढणी खिडकीला बांधली. आवाज, उजेड, धक्का, काहीही झटका आणू शकतो. जाम गावाच्या चौरस्त्यापर्यंत ठीक होतं, बुटीबोरीच्या जवळ गाडी एका गतिरोधकावरून गेली आणि बाबांना पहिला मोठा झटका आला. पाठ उचलली गेली, फक्त डोकं आणि टाचा टेकलेल्या. चेहरा हसल्यासारखा ओढलेला. आणि यातलं सगळ्यात वाईट म्हणजे माणूस पूर्ण शुद्धीत असतो. मिरगीसारखं नाही. बाबा माझ्याकडंच बघत होते.

नागपूरला सरकारी दवाखान्यात कॅज्युअल्टी, केस पेपर, मेडिसिनचे डॉक्टर, मग आयसीयूच्या बाजूची एक वेगळी खोली जिथं खिडकीला काळा पडदा होता. त्या रात्री चार कामं झाली. एक, मानवी टिटॅनस इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे विषाविरुद्धच्या तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन. दोन, मेट्रोनिडाझोल सुरू, जंतू मारायला. तीन, पाय भूल देऊन उघडला, आणि वरून भरलेल्या त्या जखमेच्या आत बोटाच्या पेरापेक्षा लहान असा पऱ्हाटीचा तुकडा सापडला. चार, झोपेचं आणि स्नायू सैल करायचं औषध सतत ड्रिपमधून. दुसऱ्या दिवशी रात्री श्वास अडकायला लागला म्हणून नळी टाकून व्हेंटिलेटर, आणि २५ तारखेला, धुळवडीच्या दिवशी, गळ्याला भोक पाडून ट्रॅकिओस्टॉमी. त्याच्या संमतीपत्रावर सही करताना भावाचा हात थरथरत होता. आम्हाला वाटलं गळा कापला म्हणजे आता आवाज गेला. तसं नसतं. घशाचे स्नायू झटक्यात मिटले तर हवाच जात नाही, म्हणून खालून वाट करून ठेवतात, आणि बरं झाल्यावर ती काढतात. हे सही करायच्या आधीच विचारून घ्या, डॉक्टर सांगतात.

कागदपत्रांचं आता. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा काउंटर असतो, तिथं आरोग्यमित्र बसतात. पेशंट इमर्जन्सीत भरती झाला तरी पहिल्याच दिवशी त्यांच्याकडं जा आणि आपली केस कशात बसते ते त्यांनाच विचारा. लागलं ते असं: रेशनकार्ड ओरिजिनल, आधार, पेशंटचा बेडवरचा फोटो, केस पेपरची झेरॉक्स. आमचं कार्ड केशरी होतं. तेव्हा वर्धा धरून १४ जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांना पांढरं कार्ड असलं तरी सातबारा दाखवून योजनेत घेत होते, बाजूच्या बेडवाल्यांचं काम तसंच झालं. आमची अडचण वेगळी निघाली, आधारवर बाबांच्या नावापुढं राव आहे आणि रेशनकार्डावर नाही, तेवढ्यासाठी भाऊ गावाला जाऊन तलाठी, सरपंच, तहसील असं करत दोन कागद घेऊन आला. त्याच फेरीत सोसायटीचं पीककर्जही भरून टाकलं, ३१ मार्च उलटला की व्याजाची सवलत जाते. घरी जे कोणी मागं राहतं त्यानं सगळ्यांच्या आधार आणि रेशनकार्डावरची नावं आजच जुळवून बघावीत, आजारपणात हे काम करायला फार जड जातं.

योजना लागली तरी खिशातून जातंच. हवेची गादी अडीच हजाराच्या आसपास, डायपर, जेवण, धर्मशाळेचं भाडं, येणं-जाणं, घरी राहिलेल्या पऱ्हाट्या उपटायची मजुरी. सगळं धरून आमचे चाळीस ते पंचेचाळीस हजार गेले. हवेची गादी मात्र उशीर न करता घ्या, गुंगीतला माणूस कूस बदलत नाही आणि पाठीला जखमा झाल्या की मुक्काम वाढतो.

आता मुख्य गोष्ट. विषाची अँटीबॉडी पहिल्या रात्रीच दिली, जंतू मारायचं औषध चालू, जखम साफ, आणि तरी पुढच्या आठवड्यात झटके कमी न होता वाढले. मी रोज एकच प्रश्न घेऊन बसायची, औषध दिलंय तर ते लागू का होत नाही? राउंडला येणाऱ्या एका निवासी डॉक्टरनी दोन वाक्यांत सांगितलं, जे विष मज्जातंतूच्या आत गेलं ते गेलं, इम्युनोग्लोब्युलिन फक्त बाहेर फिरणारं पकडतं. मग रात्री वऱ्हांड्यात मोबाईलवर मी जे मिळेल ते वाचत गेले, आणि हळूहळू सगळा प्रवास समजला. तो इथं लिहिते कारण मला त्यानंच धीर दिला.

जंतू हे विष बनवतो तेव्हा ते एकच लांब प्रोटीन असतं, त्याचे दोन भाग पडतात, एक जड आणि एक हलका, वजनात साधारण दोनास एक. दोघं गंधकाच्या एका बंधानं एकमेकांना बांधलेले राहतात. या अवस्थेत ते जवळजवळ निरुपद्रवी आहे, म्हणजे काम करणारा हलका भाग बांधलेला असेपर्यंत काहीच कापू शकत नाही. जड भाग स्नायूला येणाऱ्या मज्जातंतूच्या टोकाला चिकटतो आणि पेशी त्याला स्वतःच आत घेते, एका बारीक पिशवीत. तिथून तो मज्जातंतूच्या आतल्या आत उलट्या दिशेनं, टोकाकडून पाठीच्या कण्याकडं नेला जातो. वाटेतल्या या पिशव्या आंबट होत नाहीत, म्हणून तो वाटेत उघडत नाही. कण्यात पोचल्यावर तो एका पेशीतून निघून शेजारच्या पेशीत शिरतो, आणि ही शेजारची पेशी म्हणजे जिचं कामच स्नायूंना आवर घालणं आहे ती. इथल्या पिशव्या मात्र आंबट होतात, पेशी स्वतःच त्यात आम्ल पंप करते, कारण तिला आपली रसायनं भरायची असतात. त्या आंबटपणानं जड भागाचा आकार बदलतो, तो पिशवीच्या भिंतीत घुसतो आणि हलक्या भागाला पलीकडं, पेशीच्या आत, सोडतो. पण अजूनही तो बांधलेलाच आहे. तो शेवटचा बंध तोडायचं काम आपल्याच पेशीचं थायोरेडॉक्सिन नावाचं प्रोटीन करतं, जे एरवी आपल्या प्रोटीनांची देखभाल करतं. बंध तुटला की विष चालू झालं.

हे वाचून मी बराच वेळ मोबाईल बाजूला ठेवून बसले. आंबटपणा आमचा, ओढून नेणारी यंत्रणा आमची, बंध तोडणारं प्रोटीन आमचं. जंतूनं फक्त एक बंद वस्तू पाठवली आणि उघडायचं काम शरीरानं केलं.

चालू झालेला हलका भाग हा जस्त धरून काम करणारा एक एन्झाइम आहे. तो सिनॅप्टोब्रेव्हिन नावाच्या प्रोटीनाला ठरलेल्या एकाच जागी कापतो, तेवढंच. १९९२ मध्ये इटलीतल्या पादुआच्या शास्त्रज्ञांनी हे दाखवलं. जंतू तर १८८९ मध्येच कितासातो यांनी वेगळा काढला होता, म्हणजे विष नेमकं काय कापतं हे कळायला शंभरावर वर्षं गेली. ते प्रोटीन कापलं गेलं की आवर घालणारी पेशी आपलं रसायन, ग्लायसिन आणि गाबा, बाहेर सोडू शकत नाही. मग स्नायूला फक्त आवळ असाच हुकूम जातो, सोड म्हणणारं कोणी उरत नाही. आणि एन्झाइम असल्यामुळं एकेक कण परत परत कापत राहतो, म्हणून मात्रा इतकी थोडी पुरते की माणसाच्या वजनाच्या दर किलोला २.५ नॅनोग्रॅम सुद्धा जीवघेणी मानतात. साठ किलोच्या माणसाला १५० नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा साधारण सदुसष्ट लाखावा भाग.

आमच्या काकाजींचा पहिल्या दिवसापासून एकच प्रश्न होता, काटा पायात रुतला तर दातखिळी कशी बसली? त्याचंही उत्तर यातच आहे. विष जखमेतून रक्तात जातं आणि सगळ्या अंगातल्या मज्जातंतूंच्या टोकांना पोचतं. चेहऱ्याचे तंतू सगळ्यात आखूड, पायाचे सगळ्यात लांब. आखूड रस्त्याचं विष आधी पोचतं, म्हणून जबडा पहिले, मग मान, मग पाठ-पोट, पाय शेवटी.

मग मला बाकीचे जंतूही आठवले, आणि बघितलं तर आत गेल्यावर चालू होणं ही जंतूंच्या विषांमध्ये चांगलीच पसरलेली पद्धत आहे. घटसर्पाचं विष तसंच, पेशीचंच फ्युरिन नावाचं एन्झाइम त्याला चीर देतं, आंबट पिशवी त्याला पलीकडं ढकलते, बंध आत तुटतो, आणि सुटलेल्या भागाचा एक कण सुद्धा पेशीचं प्रोटीन बनवणं थांबवून तिला मारू शकतो. डांग्या खोकल्याच्या जंतूचं एक विष आपल्या पेशीतलं कॅल्मोड्युलिन नावाचं प्रोटीन भेटल्याशिवाय जवळपास बंदच असतं, आणि कॅल्मोड्युलिन जंतूजवळ नसतंच, म्हणून ते विष बनवणाऱ्या जंतूला काही होत नाही. ढोरांना फाशी रोग होतो त्या अँथ्रॅक्सच्या जंतूचंही एक विष याच कॅल्मोड्युलिनवर चालू होतं. पटकीचं विष आधी पेशीच्या खूप आतल्या कप्प्यात जातं, तिथं त्याचा कामाचा भाग सुटा होतो आणि आपल्या पेशीच्या एका प्रोटीनाला चिकटल्यावर पूर्ण जोरात येतो. पटकीचं असं विष असतं हे १९५९ मध्ये कलकत्त्याच्या शंभूनाथ डे यांनी सशाच्या आतड्यावर प्रयोग करून दाखवलं होतं, आम्हाला कॉलेजात हे नाव एका ओळीत सांगून पुढं नेलं होतं, त्याचं मला वाईट वाटलं. बाळांना देतात त्या डीपीटीतले तिन्ही रोग बघा, घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात. तिन्हींत विष आत जाऊन चालू होतं, आणि तिन्हींत अँटीबॉडी आधीपासून रक्तात असली तर ते आत शिरायच्या आधीच बाहेर पकडता येतं.

६ एप्रिलच्या आसपास काकाजी आणि गावचे दोघं जण आले. दिवसातून एकदाच, एकालाच आत सोडायचे. काकाजी आत जाऊन आले आणि वऱ्हांड्यात मला म्हणाले, "पोरी, पंधरा दिवस होऊन गेले, भाऊ डोळे नाही उघडून राहिला. इथं काही होऊन नाही राहिलं. सुटी घेऊ अन् घरी नेऊ, जे होईल ते आपल्या दारात होईल." सोबतचे म्हणाले एका ठिकाणी झाडपाला देतात, तिथं तीन दिवसांत माणूस उठतो. दवाखान्याच्या भाषेत याला डामा म्हणतात, डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सही करून पेशंट नेणं. मला काकाजींचा राग नाही आला, ते रात्री झोपले नव्हते हे दिसत होतं.

मी त्यांना म्हटलं, "काकाजी, डोळे उघडून नाही राहिले कारण डॉक्टरनंच झोपवून ठेवलंय त्यांना. जागे ठेवले तर झटके येतील अन् ते सगळं त्यांना कळंल." मग बंडीचं उदाहरण दिलं. "समजा आपल्या वावराचं नुकसान करणारा माणूस कुणी बंडीत दोरानं बांधून पाठवला. बंडी आपलीच, बैल आपलेच, आपणच त्याले धुऱ्याच्या आत घेतला अन् दोरही आपल्याच माणसानं सोडला. आता तो आत आहे. फाटकावर कितीही राखणदार बसवा, तो बाहेरच्याले अडवंल, आतल्याले नाही. पहिल्या रात्रीचं महागाचं इंजेक्शन म्हणजे फाटकावरचे राखणदार."

"मंग आतल्याचं काय?" काकाजी म्हणाले.

"त्यानं जे तोडलं ते शरीर नवीन उगवते. मज्जातंतूले नवी टोकं फुटतात. त्याले चार ते सहा आठवडे लागतात काकाजी, तोवर श्वास मशीननं चालू ठेवायचा, पोटात नळीनं अन्न द्यायचं, अन् वाट पाहायची. झाडपाल्यानं टोकं लवकर फुटत नाहीत."

काकाजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "लिहून दे मले, गावात लोक विचारतात." मी वहीचं पान फाडून लिहून दिलं. सही कुणी केली नाही. तुमच्या घरी असा प्रसंग येईल, जवळजवळ नक्की येईल, कारण बाहेरून बघणाऱ्याला दोन-तीन आठवडे काहीच सुधारणा दिसत नाही. तेव्हा घरातल्या मोठ्या माणसाला आयसीयूच्या डॉक्टरसमोर नेऊन बसवा आणि आठवड्यांचा हिशोब त्यांच्या तोंडून ऐकू द्या.

दुसरा आठवडा सगळ्यात वाईट गेला. झटके औषधानं दाबले होते, पण बीपी एका तासात दोनशेवर आणि मग ऐंशीवर, घाम, नाडी पळते मग एकदम मंद. विषामुळं आपोआप चालणाऱ्या मज्जातंतूंचाही आवर सुटतो, त्यातलं हे. मॅग्नेशियमचं ड्रिप चालू होतं, सिस्टर दर थोड्या वेळानं गुडघ्यावर ठोकून बघायच्या की ते जास्त तर होत नाही. ९ एप्रिलला गुढीपाडवा, आईनं धर्मशाळेतच नुसती साखरेची गाठी घेऊन हात जोडले. आई बाबांच्याच वयाची, तेच वावर, तोच कोठा, अनवाणी पाय, पण तिला आमच्या वेळी गरोदरपणात टीटीची इंजेक्शनं मिळाली होती. बाबांना कधीच नाही. आपल्याकडं लसीकरणाचा सरकारी कार्यक्रम १९७८ ला सुरू झाला, तोही तान्ह्या बाळांसाठी, बाबा तेव्हा तेरा वर्षांचे होते. २०१५ मध्ये भारतातून नवजात बाळांचा आणि बाळंतिणींचा धनुर्वात हटल्याचं जाहीर झालं, ते फार मोठं काम आहे. पण पन्नाशी-साठीच्या शेतकरी बाप्यांचं काय, हा प्रश्न मला त्या वऱ्हांड्यात बसून सारखा छळायचा. आमच्या घरातले काकाजी, मामा, शेजारचे, एकालाही पूर्ण कोर्स झालेला नव्हता.

एप्रिलच्या मध्यापासून झोपेचं औषध हळूहळू उतरवायला लागले. दोन दिवस चांगले, मग परत झटका, परत औषध वर. यात हिंमत सोडू नका, असंच होतं. पुढं दिवसातून काही तास व्हेंटिलेटर काढून ठेवायला लागले. २६ एप्रिलला वर्धेचं मतदान होतं, भाऊ मत देऊन दुपारी परत आला तेव्हा बाबा मशीनशिवाय श्वास घेत होते आणि त्यांनी बोट वर करून त्याची शाई दाखवायला लावली. गळ्याची नळी नंतर काढली, भोक आपोआप बुजलं, पहिले काही दिवस बोलताना तिथं बोट दाबावं लागायचं. पहिला शब्द "पाणी".

४ मे, शनिवारी सुटी झाली. सुटी घेताना डिस्चार्ज कार्डावर ट्रॅकिओस्टॉमी, इम्युनोग्लोब्युलिनची तारीख आणि लसीची तारीख लिहिली आहे का ते बघून घ्या, पुढं गावच्या दवाखान्यात तेच विचारतात. योजनेच्या काउंटरवर शेवटची सही आणि फोटो राहतो, तो दुपारच्या आत उरकला तरच संध्याकाळी घरी पोचता येतं.

त्याच दिवशी टीडीचा दुसरा डोस दिला. भाऊ म्हणाला, एवढा मोठा रोग होऊन गेला, आता कशाला? कांजिण्या, गोवर एकदा झाले की परत सहसा होत नाहीत, म्हणून असं वाटणं साहजिक आहे. पण धनुर्वात होऊन गेल्यावरही शरीर त्याच्याविरुद्ध तयार होत नाही, कारण आजार करायला लागणारं विष इतकं थोडं असतं की प्रतिकारशक्तीला त्याची नीट ओळखच पटत नाही. लसीत फॉर्मलिननं निकामी केलेलं विष भरपूर मात्रेत असतं, त्यानं ओळख पटते. म्हणजे बरा झालेला पेशंट पुढच्या काट्याला तितकाच उघडा असतो. तीन डोस लागतात, पहिला, मग किमान चार आठवड्यांनी दुसरा, मग सहा महिने ते वर्षाच्या आत तिसरा, आणि पुढं दर दहा वर्षांनी एक. काटा लागल्यावर धावत जाऊन एक टीडी घेतली तर ज्याला आधी काहीच झालेलं नाही त्याला त्या जखमेसाठी ती एकटी पुरत नाही, अँटीबॉडी बनायला वेळ लागतो. मळलेली, खोल जखम असेल आणि आधीचे डोस झालेले नसतील तर इम्युनोग्लोब्युलिन पण लागेल का, हे डॉक्टरला स्पष्ट विचारा.

घरी आल्यावर मे महिना पूर्ण बाबा खाटेवरून उठायला माणूस मागायचे. वजन बरंच उतरलेलं, पिंढऱ्या बारीक. फिजिओथेरपीवाल्यांनी शिकवलेले व्यायाम आई सकाळ-संध्याकाळ करून घ्यायची. रात्री भांडं पडलं तरी ते दचकायचे, ते पावसाळा लागेपर्यंत राहिलं. पेरणी काकाजींनी केली. पोळ्याला, सप्टेंबरच्या सुरुवातीला, बाबा बैलांसोबत तोरणापर्यंत स्वतः चालत गेले, हळू, काठी घेऊन.

तिसरा डोस डिसेंबरमध्ये आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात झाला. मी सिस्टरना विचारलं, घरातल्या मोठ्या माणसांना पण देता का? त्या म्हणाल्या, या ना, लसीकरणाच्या दिवशी या, कुणी विचारतच नाही. काकाजी, मामा, आमच्याकडं काम करणारे दोघं आणि भाऊ, पाचही जणांचे पहिले डोस झाले, दुसऱ्या डोसची तारीख मी प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये टाकून दिली. लसीकरणाचा वार प्रत्येक केंद्राचा वेगळा असतो, आशाताईंना विचारलं की सांगतात. जाताना आधारकार्ड न्या आणि कार्डावर तारीख लिहून घ्या, पुढं कधी जखम झाली तर डॉक्टर तेच आधी बघतात.